सुई हाती घेण्याआधी

या वेळी एकाच घरातून दोन पत्रं आली आहेत. एक एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचं, दुसरं तिच्या वडिलांचं. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहिलेलं दिसतं. आधी मुलीचे प्रश्न घेऊ.

प्रश्न : मी मिरजेत शिकते. मे महिन्यात तीन आठवडे युगांडात, जिंजा शहराजवळच्या एका आरोग्य शिबिरात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरतंय. नेणारी संस्था म्हणते, तिथे डॉक्टरांची इतकी चणचण आहे की इथे ज्याला हात लावू देत नाहीत ते सगळं करायला मिळेल. टाके, सलाइन, कदाचित बाळंतपणसुद्धा. इथे वॉर्डात मी मागच्या रांगेत टाचा उंच करून बघत असते, त्यामुळे मोह होतोय. पण शंकाही येते. डॉ. कोटणीस चीनला निघाले तेव्हा त्यांनी एवढा विचार केला असेल का?

उत्तर : कोटणीसांचं नाव काढलंसच, तर ते कसे गेले ते आधी बघू. १९३८ मध्ये बोलावणं चीनकडून आलं होतं. तिथले सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशभर निधी उभा करायचं आवाहन केलं. पथकात पाच जण होते. प्रमुख डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. पाचही जण शिक्षण पुरं केलेले डॉक्टर. अटल तर स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कोटणीस तिथे चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, सोबतचे काही परतले तरी मागे राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले.

त्यांना बोलावणं होतं, पदवी होती आणि राहायची तयारी होती. तुझ्याकडे पदवी नाही आणि मुक्काम तीन आठवड्यांचा आहे. हा तुझा दोष नव्हे, तुझं वयच शिकायचं आहे. पण त्यामुळे तू कोटणीसांसारखी ‘मदतीला’ जात नाहीस. तू शिकायला जाते आहेस, एवढं मनाशी पक्कं केलंस की तुझ्या बाकीच्या शंकांची उत्तरं सोपी होतात.

नियम एकच ठेव. मिरजेच्या वॉर्डात जे काम तुला एकटीने करायची परवानगी नाही, ते जिंजातही करायचं नाही. पेशंट गरीब आहे आणि डॉक्टर दूर आहे, म्हणून त्याचं शरीर सरावासाठी मोकळं होत नाही. तुझ्या हातून टाका चुकला तर मिरजेत मागे रजिस्ट्रार उभा असतो. तिथे मागे कोणी नसेल, तर ती चूक घेऊन पेशंट घरी जाईल आणि तू विमानात बसशील.

हे नुसतं भय दाखवणं नाही. याच जिंजात एका अमेरिकी तरुणीने, वैद्यकीय शिक्षण नसताना, कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं होतं. काही वर्षांत तिथे शंभराहून अधिक मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन आयांनी दिवाणी दावा लावला. तिने आरोप नाकारले आणि २०२० मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली. कोर्टाबाहेर मिटलेल्या त्या प्रकरणात कोण किती चुकलं याचा निवाडा आपण करायला नको. पण त्यातलं वैद्यकशास्त्र तुला समजायला हवं. तीव्र कुपोषित मूल बघितलं की माणसाला वाटतं, याला भरपूर खायला घालू, सलाइन लावू. नेमकं तेच घातक ठरू शकतं. उपासमारीने अशक्त झालेलं हृदय भराभर चढवलेलं पाणी पेलू शकत नाही. अन्न एकदम वाढवलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं. म्हणून आधी थोडं थोडं, कमी ताकदीचं एफ-७५ दूध देतात, मूल स्थिरावलं की एफ-१००, आणि शिरेतून सलाइन मूल शॉकमध्ये असेल तरच. हे कळवळ्याने समजत नाही, शिकावंच लागतं.

‘तिथे डॉक्टरच नाहीत’ हे वाक्यही तपासून घे. डॉक्टर कमी आहेत हे खरं. पण कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात १९२४ पासून वैद्यकीय शिक्षण चालू आहे. ऑक्टोबर २००० मध्ये उत्तरेतल्या गुलू भागात माणसं पटापट मरू लागली, तेव्हा हा इबोला असावा हे ओळखून हालचाल करणारे डॉ. मॅथ्यू लुक्विया युगांडाचेच होते. लाकोर रुग्णालयात रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि ५ डिसेंबर २००० रोजी ते गेले. अशा देशात तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी डॉक्टरांची उणीव भरून काढायला जात नसते. ती तिथल्या डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहायला जाते.

प्रश्न : मग तीन आठवडे मी करायचं तरी काय? नुसतं बघत बसायचं?

उत्तर : बघणं हेही काम आहे. पण कुठे बघायचं ते कळण्यासाठी तिथली व्यवस्था आधी समजून घे. आपल्याकडे आशा कार्यकर्ती, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी उतरंड आहे, तशी तिथेही आहे. तळाशी गावातले स्वयंसेवक आरोग्य कार्यकर्ते, त्यावर दोन, तीन आणि चार क्रमांकाची आरोग्य केंद्रं, मग जिल्हा आणि विभागीय रुग्णालयं, आणि शेवटी कंपालाचं मुलागो. चार क्रमांकाच्या केंद्रात ऑपरेशन थिएटर असणं अपेक्षित असतं. तीन क्रमांकाचं केंद्र बहुधा ‘क्लिनिकल ऑफिसर’ चालवतो. तो एमबीबीएस नसतो, तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला असतो. पण हिवतापाने फेफरं आलेलं मूल त्याने तुझ्या प्राध्यापकांपेक्षाही जास्त वेळा हाताळलेलं असेल. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलीस तर मे महिना सार्थकी लागला असं समज.

हाताला काम हवंच असेल तर ते भरपूर मिळेल. रक्तदाब मोजणं, बाळांची वजनं आणि दंडाचा घेर घेणं, केसपेपर भरणं, रांग लावणं, औषधांच्या साठ्याची मोजदाद, संध्याकाळी रजिस्टर जुळवणं. यातलं काहीही फोटोत उठून दिसत नाही, पण शिबिर याच कामांवर चालतं. निघण्यापूर्वी युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाची उपचार मार्गदर्शिका वाच. तिथे कोणत्या आजाराला पहिलं औषध कोणतं देतात ते त्यात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातलं उत्तर तिथे उपलब्ध असेलच असं नाही.

भाषेचं म्हणशील तर सरकारी कामकाज इंग्रजीत चालतं, पण जिंजाच्या परिसरात घरोघरी लुसोगा बोलतात आणि लुगांडाही बऱ्याच जणांना समजते. नमस्कार, आभार आणि ‘दुखतंय का, कुठे दुखतंय’ एवढं तरी शिकून जा. तिथे विचारपूस केल्याशिवाय थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं वाटतं.

आणखी एक. भारतीय चेहरा जिंजाला नवा नाही. जवळच्या काकिऱ्याचा साखर कारखाना गुजराती कुटुंबाने उभारलेला. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, आणि नंतर त्यातले काही परत आले. त्यामुळे पांढरा कोट घातलेली भारतीय मुलगी दिसली की लोक तिला डॉक्टरच धरतील. दर वेळी स्वतःहून सांग, ‘मी विद्यार्थिनी आहे.’ पेशंटने ‘मग मोठ्या डॉक्टरांना बोलवा’ म्हटलं तर तो त्याचा हक्क आहे.

मिरजेत राहून तुला या गोष्टीची दुसरी बाजूही बघायला मिळते. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं आणि काही वर्षांतच इथल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. परदेशी डॉक्टरचं खरं काम तो गेल्यावर दिसतं. त्याच्यामागे इथलीच माणसं ते पुढे चालवतात की नाही, यावर ते ठरतं.

प्रश्न : लसी कोणत्या घ्याव्या लागतील? आणि पीतज्वराच्या लसीबद्दल एवढा आग्रह का?

उत्तर : आजपासून तयारीला लाग, कारण काही लसींना महिने लागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिने या अंतराने. कॉलेजात घेतले असशील, पण पुरे झाले का ते बघ आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासून घे. ती १० युनिटांच्या वर हवी. शिवाय धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि रेबीज यांबद्दल कॉलेजच्या डॉक्टरांना विचार.

पीतज्वराची लस मात्र कायद्याने बंधनकारक. युगांडात उतरताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ठरावीक सरकारमान्य केंद्रं आहेत, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून एकदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती खालावणारा आजार असेल तर आधी सांगायला हवं.

आग्रहाचं कारण तुझ्या परतीच्या प्रवासात आहे. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. डेंगी पसरवतो तोच. विषाणू एकदा आत आला तर त्याला वाहन तयारच आहे. म्हणून प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येतं.

विषाणू कसा प्रवास करतो याचं उदाहरण तुझ्या विमानतळाच्या शेजारीच आहे. तू उतरशील त्या एंटेबेत रॉकफेलर फाउंडेशनने १९३६ मध्ये पीतज्वर संशोधन संस्था उभी केली. तिथल्या संशोधकांना १९४७ मध्ये जवळच्या झिका नावाच्या जंगलात एका माकडाच्या रक्तात नवा विषाणू सापडला. २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण आढळला, तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. त्याचं निदान केलं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, आणि तीही १९५२ मध्ये त्याच रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेली.

प्रश्न : तिथले लोक हिवतापाच्या गोळ्या रोज खात नाहीत. मग मी का खायच्या? शिवाय जिंजा उंचावर आहे म्हणतात.

उत्तर : जिंजा समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, पण तेवढ्या उंचीला डास जुमानत नाही. तिथे हिवताप बारा महिने असतो आणि बहुतेक वेळा तो फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा प्रकार असतो.

तिथल्या प्रौढांचं गणित निराळं आहे. लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण होऊन त्यांच्यात अर्धवट प्रतिकारशक्ती तयार होते. ताप येतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. ही शक्ती कमावताना त्यांच्या पिढीतली किती मुलं पाच वर्षांचीही झाली नाहीत, हे विसरू नकोस. आणि ती टिकाऊही नसते. काही वर्षं लंडनला राहून परतलेला युगांडाचा माणूसही पुन्हा धोक्यात येतो. तुझ्याकडे ती मुळीच नाही. सांगली-मिरजेचं सोड, गडचिरोलीत राहिली असतीस तरी तिच्या भरवशावर जा असं कोणी म्हटलं नसतं.

गोळ्यांचे तीन मुख्य पर्याय आहेत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची. डॉक्सिसायक्लिनही तशीच आधी सुरू करायची, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. तिने उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, पण दोन-तीन आठवडे आधीपासून. काहींना तिने वाईट स्वप्नं आणि मनाचे त्रास होतात. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. परतल्यावर ‘आता घरी आले’ म्हणून गोळ्या सोडणं ही सगळ्यांत मोठी चूक, कारण यकृतात लपलेला परजीवी त्यानंतरच रक्तात उतरतो. गोळ्यांबरोबर मच्छरदाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेतच. यातली एकही गोष्ट एकटी पुरत नाही.

परतल्यावर वर्षभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, ‘मी युगांडाला जाऊन आले आहे.’

प्रश्न : सुई टोचली तर? आणि नाईल नदीत पोहता येईल का?

उत्तर : संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याचा हिशेब तुला वर्गात सांगितला असेल. हिपॅटायटिस बीला लस न घेतलेल्यांमध्ये शंभरात ३० पर्यंत, सीला सुमारे ३, एचआयव्हीला ०.३. युगांडात प्रौढांपैकी शंभरात पाच-सहा जणांना एचआयव्ही आहे. त्यामुळे घाबरायचं नाही, पण तयारीशिवाय जायचंही नाही. टोचल्यावर जागा साबण-पाण्याने धू, दाबून रक्त काढू नकोस, लगेच सांग. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. म्हणून जायच्या आधीच संस्थेला विचार की हे औषध जवळ कुठे मिळेल. उत्तर ‘बघू तेव्हा’ असं आलं तर त्या शिबिरात सुईला हात लावू नकोस.

नाईलचं उगमस्थान जिंजाला आहे. तिथल्या पाण्यात १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग सोडला गेला आणि आज काठावर त्यांचा अर्धपुतळा आहे. बघायला जरूर जा, पाण्यात मात्र उतरू नकोस. व्हिक्टोरिया सरोवर आणि त्याच्या काठच्या संथ पाण्यातल्या गोगलगायींतून शिस्टोसोमाच्या अळ्या बाहेर पडतात आणि कातडीतून थेट शरीरात शिरतात. पाय भिजलेच तर परतल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घे. औषध आहे, प्राझिक्वांटेल.

पण या सगळ्यापेक्षा रोजचा धोका रस्त्यावरचा. मोटारसायकलवरून माणसं वाहणारी ‘बोडा-बोडा’ तिथे सगळीकडे आहे. हेल्मेट मिळत नसेल तर बसू नकोस, आणि रात्री तर नाहीच.

प्रश्न : घरातली आणि मैत्रिणींकडची उरलेली औषधं गोळा करून नेऊ का?

उत्तर : नको. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून ५,००० टन औषधं आणि साहित्य तिथे गेलं. ते नुसतं निवडायला पन्नास माणसं सहा महिने राबली. काही मुदत संपलेली, कुठल्या भाषेत काय लिहिलंय ते कळत नाही, काही थंडीत गोठून गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम केले ते अशा अनुभवांतूनच. मागणी आलेलीच औषधं पाठवायची, पोचल्यावर मुदत किमान एक वर्ष उरलेली हवी, आणि परत आलेली किंवा उरलेली औषधं देऊ नयेत. अर्धी पट्टी पॅरासिटॅमॉल नेऊन तू कुणाचं भलं करणार नाहीस, तिथल्या फार्मासिस्टचं काम मात्र वाढवशील. काही द्यायचंच असेल तर केंद्राला विचार आणि ते सांगतील ते तिथेच विकत घे.

आता वडिलांचं पत्र. ते लिहितात : संस्था दीड लाख रुपये मागते. व्हिसा पर्यटकाचा काढा, कुणी विचारत नाही, असं सांगते. मुलगी हट्टाला पेटली आहे. मी शेतकरी माणूस, मला यातलं कळत नाही. पाठवू की नको?

उत्तर : काका, तुम्हाला कळत नाही असं मुळीच नाही. बियाणं घेताना पिशवीवरचं लेबल, मुदत आणि पक्की पावती बघता ना? इथेही तेच बघायचं. ‘कुणी विचारत नाही’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करणं हेही काम धरलं जाऊ शकतं, आणि अडचण आली तर भोगावं लागतं मुलीला.

संस्थेकडून या गोष्टी लेखी मागा. जिथे ती जाणार त्या युगांडातल्या रुग्णालयाचं स्वतःचं बोलावणं. इथल्या संस्थेचं पत्र चालणार नाही. तिच्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरचं नाव, आणि तो युगांडाच्या वैद्यकीय व दंतवैद्यक परिषदेकडे नोंदलेला आहे याची खात्री. कामाला साजेसा व्हिसा. आजारपणात दुसऱ्या देशात हलवायचा खर्च भरणारा विमा. दीड लाखापैकी विमान, राहणं आणि रुग्णालय यांना किती जातात याचा हिशेब. शिवाय कॉलेजची परवानगी. हा काळ अभ्यासक्रमात किंवा इंटर्नशिपमध्ये धरतील असं गृहीत धरू नका, तेही लेखी घ्या.

आणि त्यांना एक साधा प्रश्न विचारा. शिबिरात कुणाला रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर सोळाव्या दिवशी त्याने कुठे जायचं? चांगल्या संस्थेकडे याचं उत्तर तयार असतं : अमुक आरोग्य केंद्र, अमुक रजिस्टर, अमुक माणूस. वाईट संस्था फोटो दाखवते.

कागद आले तर खुशाल पाठवा. मुलगी शिकून येईल, आणि कंपालाच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे तिची नोंद करून ठेवा. नाही आले तर पैसे भरू नका. तिला सांगा की दार बंद झालेलं नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी संस्था डॉक्टर म्हणून घेताना पदवी आणि अनुभव मागते, विद्यार्थ्याच्या हाती पेशंट सोपवत नाही. तिची पदवी दोन-तीन वर्षांवर आहे. तोवर सुट्टीत गडचिरोली किंवा मेळघाटातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात ती गेली, तर कुपोषण, हिवताप आणि भाषेची अडचण या तिन्ही गोष्टी तिला तिथेच भेटतील. तिथली पदवीची अटही तीच आहे, फक्त तिकीट एसटीचं आहे.